मिठाचा हिशेब आणि रक्तातील साखर

रक्तदाब वाढला की डॉक्टर मीठ कमी करायला सांगतात आणि मधुमेह झाला की साखर. त्यामुळे मीठ हा रक्तदाबाचा विषय आणि साखर हा मधुमेहाचा विषय, अशी एक वाटणी आपल्या मनात होऊन बसते. मधुमेह झालेला माणूस चहातली साखर निष्ठेने बंद करतो. पण पापड, लोणचे, फरसाण यांच्याकडे त्याचे लक्ष जात नाही, कारण त्यांत गोड काहीच नसते. शरीरात मात्र अशी वाटणी नाही. प्रौढ वयात होणारा मधुमेह, म्हणजे ज्याला 'प्रकार २' म्हणतात तो, ज्यांना असतो त्यांच्यापैकी निम्म्याहून अधिक जणांना उच्च रक्तदाबही असतो. हा निव्वळ योगायोग नव्हे.

या गोष्टीला दुसरी बाजूही आहे. 'मीठ कमी केल्याने इन्शुलिनचा परिणाम कमी होतो' अशा आशयाच्या बातम्या अधूनमधून येतात. त्या ऐकून एखादा मधुमेही मनुष्य खुशाल मिठाची बरणी पुढे ओढतो. ज्याच्या घरी मधुमेह आणि रक्तदाब असे दोन्ही विकार आहेत, अशा विद्यार्थ्याने वर्गात 'मग खरे काय?' असे विचारले, तर शिक्षकांनी काय सांगावे? बातमी खोटी नाही आणि डॉक्टरांचा सल्लाही चूक नाही. हे दोन्ही एकाच वेळी खरे कसे असू शकते, ते समजून घेण्यासाठी आधी मिठाचा हिशेब शरीर कसे ठेवते, ते पाहू.

दीड किलो मिठाची रोजची उलाढाल

आपल्या रक्तातील द्रवात आणि पेशींच्या बाहेरच्या द्रवात सोडियमचे प्रमाण दर लिटरला सुमारे १४० मिलीमोल असते. सलाइनच्या बाटलीवर ०.९ टक्के असे लिहिलेले असते, म्हणजे एका लिटरमध्ये ९ ग्रॅम मीठ. शरीरातील पेशीबाह्य द्रवाचा खारटपणा साधारण तितकाच असतो. हे प्रमाण फारसे बदलून चालत नाही. म्हणून शरीरात ९ ग्रॅम मीठ जास्तीचे अडकले, तर त्याच्याबरोबर सुमारे एक लिटर पाणीही अडकते. रक्ताचे आकारमान वाढते आणि रक्तदाब वाढायला एक कारण मिळते.

हे मीठ मोजूनमापून ठेवण्याचे काम मूत्रपिंडे करतात. दोन्ही मूत्रपिंडांतून दिवसभरात सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो. १८० ला १४० ने गुणले, तर सुमारे २५,००० मिलीमोल सोडियम होते. मिठाच्या भाषेत हे जवळजवळ दीड किलो भरते. आपण दिवसाला १० ग्रॅम मीठ खातो असे धरले, तर मूत्रावाटे साधारण तेवढेच बाहेर जायला हवे. म्हणजे गाळलेल्या मिठापैकी ९९ टक्क्यांहून अधिक मीठ मूत्रपिंडाच्या नलिकांनी परत शोषून घ्यायचे आणि एक टक्क्याहूनही कमी सोडायचे! एवढ्या मोठ्या उलाढालीत अर्ध्या टक्क्याची जरी चूक झाली, तरी रोज सात-आठ ग्रॅम मिठाचा फरक पडेल. हा हिशेब बिनचूक राहावा म्हणून शरीराने संप्रेरकांची एक साखळी नेमली आहे. तिचाच पुढे साखरेशी संबंध येतो.

रेनिनपासून अल्डोस्टेरोनपर्यंत

या साखळीचा पहिला दुवा १८९८ साली हाती लागला. स्टॉकहोममधील कारोलिन्स्का संस्थेत रॉबर्ट टायगरस्टेट आणि त्यांचे विद्यार्थी बेर्गमन यांनी सशाच्या मूत्रपिंडाचा अर्क काढून दुसऱ्या सशाच्या शिरेत टोचला. त्या सशाचा रक्तदाब वाढला. अर्कातील या पदार्थाला त्यांनी रेनिन असे नाव दिले. नंतर बराच काळ त्याकडे कोणी फारसे पाहिले नाही. १९३४ साली अमेरिकेत हॅरी गोल्डब्लाट यांनी कुत्र्यांच्या मूत्रपिंडाकडे जाणाऱ्या रोहिणीला चिमटा लावून ती अरुंद केली, तेव्हा कुत्र्यांना कायमचा उच्च रक्तदाब जडला. मूत्रपिंडाला रक्त कमी पोहोचले की ते साऱ्या शरीराचा रक्तदाब वाढवते, हे यावरून स्पष्ट झाले आणि रेनिनकडे पुन्हा लक्ष गेले.

रेनिन हे स्वतः रक्तवाहिन्या आवळत नाही. ते एक विकर आहे. यकृतात तयार झालेले एक मोठे प्रथिन रक्तात फिरत असते, त्याचा दहा अमिनो आम्लांचा तुकडा रेनिन कापते. फुप्फुसांतील केशवाहिन्यांमध्ये दुसरे एक विकर त्यातील आणखी दोन अमिनो आम्ले तोडते. उरलेला आठ अमिनो आम्लांचा तुकडा म्हणजे अँजिओटेन्सिन-२. तो रक्तवाहिन्या आकुंचित करतो आणि मूत्रपिंडाच्या वर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींना अल्डोस्टेरोन हे संप्रेरक सोडायला लावतो. १९५३ साली लंडनमध्ये सिल्व्हिया सिम्पसन आणि जेम्स टेट यांनी स्विस रसायनशास्त्रज्ञांच्या साहाय्याने अल्डोस्टेरोन शुद्ध स्वरूपात वेगळे केले. अल्डोस्टेरोन मूत्रपिंडाला दोन आज्ञा देते : सोडियम राखा आणि पोटॅशियम सोडा.

ही साखळी कधी जागी होते? जखमेतून रक्त वाहून गेले, अतिसार झाला, भर उन्हात घाम गळला किंवा आहारात मीठ फारच कमी पडले, म्हणजे मूत्रपिंडाला रक्तदाबाची किंवा सोडियमची उणीव जाणवते आणि रेनिन सुटते. मीठ भरपूर मिळाले की ही साखळी विसावते. थोडक्यात, रेनिन, अँजिओटेन्सिन आणि अल्डोस्टेरोन ही टंचाईच्या दिवसांतली संप्रेरके आहेत.

इन्शुलिनचा निरोप कोठे अडतो?

आता साखरेकडे वळू. उपाशीपोटी रक्तातील ग्लुकोजचे प्रमाण दर १०० मिलीलिटरला ९० मिलिग्रॅम असेल, तर अंगातील पाच लिटर रक्तात मिळून ग्लुकोज भरते अवघे साडेचार ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा. जेवणानंतर यात भर पडते, तेव्हा स्वादुपिंडातील बीटा पेशी इन्शुलिन सोडतात. इन्शुलिन स्नायूंच्या पेशींवर ठरलेल्या जागी जाऊन बसते. तेथून पेशीच्या आत एकामागून एक प्रथिनांमार्फत निरोप जातो आणि शेवटी ग्लुकोज आत घेणारी वाहक प्रथिने पेशीच्या पृष्ठभागावर येतात. निरोप नीट पोहोचला नाही, तर तेवढ्याच कामासाठी जास्त इन्शुलिन लागते. या स्थितीला इन्शुलिनरोध म्हणतात. प्रकार २ च्या मधुमेहाची ही पूर्वतयारीच असते.

अँजिओटेन्सिन-२ नेमका येथे आडवा येतो. पेशींवर त्याचीही ग्राहक प्रथिने असतात. त्यांच्याकडून निघालेल्या निरोपामुळे इन्शुलिनच्या साखळीतील पहिल्याच प्रथिनावर चुकीच्या जागी फॉस्फेटचा गट चिकटवला जातो. मग इन्शुलिनचा निरोप पुढे क्षीण होतो. प्रयोगशाळेत पेशींवर आणि प्राण्यांवर हे वारंवार दिसून आले आहे. माणसांत मात्र गोष्ट इतकी सरळ नाही. निरोगी व्यक्तींच्या शिरेतून काही तास अँजिओटेन्सिन-२ दिले, तेव्हा काही प्रयोगांत ग्लुकोजचा वापर उलट थोडा वाढलेला आढळला, कारण त्या वेळी रक्ताचा ओघ स्नायूंकडे वळतो. तेव्हा काही तासांचा परिणाम आणि काही वर्षांचा परिणाम एकच समजू नये.

दुसरीकडे इन्शुलिनही मिठाच्या कारभारात लक्ष घालते. १९७५ साली डीफ्रॉन्झो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी माणसांना इन्शुलिन दिले आणि रक्तातील साखर मात्र बाहेरून ग्लुकोज देऊन स्थिर ठेवली. मूत्रातून जाणारे सोडियम कमी झाले. म्हणजे इन्शुलिन मूत्रपिंडाला मीठ राखायला सांगते. येथे एक दुष्टचक्र दिसू लागते. स्नायू इन्शुलिनला दाद देत नाहीत म्हणून स्वादुपिंड अधिक इन्शुलिन ओतते. स्नायू बहिरे झाले तरी मूत्रपिंडे बहिरी झालेली नसतात. ती या जास्तीच्या इन्शुलिनचे ऐकून मीठ साठवतात आणि रक्तदाब चढतो. साखरेचा विकार रक्तदाबाच्या दारात असा येऊन पोहोचतो.

पोटॅशियमची हरवलेली कडी

अल्डोस्टेरोनचा साखरेशी संबंध एका दुर्मीळ वाटणाऱ्या विकारातून उलगडला. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात जेरोम कॉन यांच्याकडे १९५४ साली ३४ वर्षांची एक स्त्री उपचारांसाठी आली. तिला कित्येक वर्षे स्नायूंचा अशक्तपणा आणि पेटके यांचा त्रास होता. रक्तदाब वाढलेला होता आणि रक्तातील पोटॅशियम फार कमी होते. तिच्या अधिवृक्क ग्रंथीत एक छोटी गाठ होती आणि ती कोणाच्याही आज्ञेशिवाय अल्डोस्टेरोन सोडत होती. गाठ काढल्यावर तक्रारी गेल्या. हा विकार पुढे कॉन यांच्याच नावाने ओळखला जाऊ लागला. १९६५ साली कॉन यांनी दाखवून दिले की, अशा अनेक रुग्णांत ग्लुकोज हाताळण्याची शक्तीही कमी झालेली असते, आणि त्यामागे पोटॅशियमची उणीव असावी.

याच सुमारास आणखी एक धागा जुळला. १९५८ च्या सुमारास थायाझाइड वर्गातील मूत्रल औषधे आली. मूत्रावाटे मीठ बाहेर काढून ती रक्तदाब उतरवत. पण काही रुग्णांची रक्तशर्करा वाढवत. या औषधांनी सोडियमबरोबर पोटॅशियमही वाहून जाते. (आज ही औषधे पूर्वीपेक्षा बऱ्याच कमी मात्रेत देतात आणि ती उपयुक्तच आहेत. एवढ्यावरून कोणी ती परस्पर बंद करू नयेत.)

पोटॅशियम कमी झाले म्हणून इन्शुलिन का कमी पडावे? याचे उत्तर बीटा पेशीच्या घडणीत आहे. या पेशीच्या आवरणात पोटॅशियमची दारे असतात. एरवी ती उघडी असतात आणि त्यांतून पोटॅशियम आयन बाहेर जात राहिल्याने पेशीच्या आतली बाजू बाहेरच्या मानाने ऋणभारित राहते. ग्लुकोज पेशीत शिरून जळले की ऊर्जेचे रेणू वाढतात, ही दारे बंद होतात, ऋणभार उतरतो, कॅल्शियमची दारे उघडतात आणि आत आलेले कॅल्शियम इन्शुलिनच्या पुड्या बाहेर टाकते. रक्तात पोटॅशियम कमी असेल, तर ते पेशीतून बाहेर पडण्याची ओढ वाढते, ऋणभार अधिक पक्का होतो आणि पेशी लवकर 'पेटत' नाही. साहजिकच इन्शुलिन कमी सुटते. अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना विद्युत्‌-रसायनशास्त्र शिकवताना हे उदाहरण अवश्य द्यावे.

मीठ अगदीच तोडले तर?

आता त्या बातमीकडे येऊ. २०११ साली बोस्टन येथील संशोधकांनी १५२ निरोगी स्त्रीपुरुषांवर केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. प्रत्येकाने एक आठवडा अत्यल्प मिठाचा आणि एक आठवडा भरपूर मिठाचा आहार घेतला. उपाशीपोटीचे इन्शुलिन आणि ग्लुकोज यांच्या गुणाकारावरून इन्शुलिनरोधाचा निर्देशांक काढला. भरपूर मिठाच्या आठवड्यात तो सरासरी २.४ होता, तर अत्यल्प मिठाच्या आठवड्यात २.८. अल्डोस्टेरोनही वाढलेले होते आणि शरीराची आणीबाणी सांभाळणाऱ्या नॉरअॅड्रेनॅलिनचे प्रमाणही. आपण वर पाहिलेल्या साखळीवरून हे अपेक्षितच म्हणायला हवे. मिठाची टंचाई झाली, साखळी जागी झाली आणि इन्शुलिनच्या कामात अडथळा आला.

पण 'अत्यल्प' म्हणजे किती? या आठवड्यात मूत्रातील सोडियम दिवसाला २० मिलीमोलच्या खाली होते. म्हणजे सव्वा ग्रॅमहूनही कमी मीठ! भाजी-आमटी सोडाच, भाकरीच्या पिठातही मीठ न घालणाऱ्या घरातसुद्धा हे जमणे कठीण. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मिठाची शिफारस केली आहे. ५ ग्रॅम म्हणजे सुमारे ८६ मिलीमोल, या प्रयोगातील मात्रेच्या चौपटीहूनही जास्त. भारतातील निरनिराळ्या पाहण्यांत सरासरी ८ ते ११ ग्रॅम मीठ खाल्ले जाते असे आढळते. त्यामुळे मिठाच्या टंचाईची भीती आपल्याला तूर्त बाळगायचे कारण नाही.

दुसरा प्रश्न गतीचा आणि कालावधीचा. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात, चार आठवडे किंवा त्याहून अधिक काळ मीठ बेताने कमी केलेल्या ३४ चाचण्या एकत्र तपासल्या होत्या. मीठ दिवसाला सरासरी ४.४ ग्रॅमने कमी झाले, वरचा रक्तदाब सुमारे ४ मिलिमीटरने उतरला आणि रेनिन व अल्डोस्टेरोन यांच्यातील वाढ थोडीच राहिली. दहा ग्रॅमवरून हळूहळू सहावर येणे आणि एका रात्रीत एकावर येणे, या दोन गोष्टी शरीराच्या दृष्टीने वेगळ्या आहेत.

ब्राझील आणि व्हेनेझुएला यांच्या सीमेवरील अरण्यात राहणाऱ्या यानोमामी लोकांचे उदाहरण येथे बोधप्रद आहे. ते बाहेरचे मीठ जवळजवळ वापरतच नव्हते. १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांच्यातील रेनिन आणि अल्डोस्टेरोन यांची पातळी बरीच उंच आढळली. तरीही त्यांचा रक्तदाब कमी होता आणि वयाबरोबर तो वाढत नव्हता. १९८८ च्या 'इंटरसॉल्ट' या ३२ देशांतील पाहणीत त्यांचा सरासरी रक्तदाब ९६/६१ असा नोंदला गेला. संप्रेरके वाढलेली असणे ही नेहमी आजाराचीच खूण असते असे नाही. ती टंचाईला तोंड देत आहेत, की पुरेसे मीठ असूनही निष्कारण जागी आहेत, हे पाहावे लागते. मूत्रपिंडाला सोडियम पुरेसे मिळत असूनही अल्डोस्टेरोन चढेच राहिले, तर हृदय, रक्तवाहिन्या आणि मूत्रपिंडे या सर्वांना इजा होते.

मीठ जास्त झाले तर?

'मीठ जास्त खाल्ले की साखळी विसावते, मग साखर सुधारायला हवी' असे कोणी म्हणेल. येथे दुसरे घटक मध्ये येतात. जास्त मिठाने तहान लागते आणि तहान भागवायला गोड पेय हाती येते. खारट पदार्थ बहुधा तळलेले, पिठाचे आणि चविष्ट असतात. ते जास्त खाल्ले जातात आणि वजन वाढते. २०२३ साली ब्रिटनमधील सुमारे चार लाख लोकांच्या माहितीवरून असे दिसले की, ताटात वरून मीठ घेण्याची सवय जितकी अधिक, तितके प्रकार २ च्या मधुमेहाचे प्रमाण अधिक. अशा पाहणीवरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही आणि यातील काही वाटा वाढलेल्या वजनाचा होता. पण जास्त मीठ साखरेला मानवते असा निष्कर्ष त्यातून मुळीच निघत नाही.

जेवणातील मिठाने त्याच जेवणानंतरची साखर वाढते का, हेही तपासले गेले आहे. १९८६ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांना मीठ घातलेल्या मसुरीनंतर साखर अधिक चढलेली आढळली. पुढच्याच वर्षी दुसऱ्या एका गटाला तसा परिणाम दिसला नाही. तेव्हा या मुद्द्याला फार महत्त्व देऊ नये. मिठाचा धोका मुख्यतः रक्तदाबाच्या वाटेने येतो, आणि मधुमेहात तो दुपटीने जाणवतो. साखरेने आधीच दुबळ्या झालेल्या मूत्रपिंडांतील, डोळ्यांतील आणि हृदयातील सूक्ष्म रक्तवाहिन्यांवर वाढलेला दाब आदळत राहतो.

औषधांनी दिलेली साक्ष

अँजिओटेन्सिनचा साखरेशी खरोखर संबंध असेल, तर ते रोखणाऱ्या औषधांनी मधुमेह कमी व्हायला हवा. ब्राझीलमधील सापाच्या विषावर काम करणारे सर्जिओ फेरेरा यांनी १९६५ साली वर्णन केलेल्या एका घटकावरून असे पहिले तोंडाने घ्यायचे औषध, कॅप्टोप्रिल, पुढे तयार झाले. त्याच कुळातील रॅमिप्रिल हे औषध २००० सालच्या 'होप' चाचणीत वापरले होते. तीत ते घेणाऱ्यांपैकी ३.६ टक्के लोकांना नव्याने मधुमेह झाला, तर न घेणाऱ्यांपैकी ५.४ टक्क्यांना. सर्वांना आशा वाटली. पण होप चाचणी हृदयविकारासाठी आखलेली होती. मधुमेह हाच मुख्य प्रश्न ठेवून २००६ साली 'ड्रीम' ही चाचणी झाली, तेव्हा नव्याने झालेला मधुमेह किंवा मृत्यू यांचे एकत्रित आकडे १८.१ आणि १९.५ टक्के आले. हा फरक योगायोगानेही पडू शकेल इतका लहान होता. २०१० च्या 'नॅव्हिगेटर' चाचणीत व्हाल्सार्टन या औषधाने मधुमेहाचे प्रमाण ३६.८ वरून ३३.१ टक्क्यांवर आणले. म्हणजे संबंध आहे, पण तो लहान आहे. मधुमेह टाळण्यासाठी वजन उतरवणे आणि चालणे यांना ही औषधे पर्याय ठरत नाहीत. विज्ञानात पहिल्या आशादायक आकड्याची पुन्हा परीक्षा का घ्यायची, हे विद्यार्थ्यांना समजावण्यासाठी या तीन चाचण्यांसारखे उदाहरण नाही.

सोडियम आणि ग्लुकोज हातात हात घालून

मीठ आणि साखर यांची सर्वांत जवळची भेट आतड्याच्या आणि मूत्रपिंडाच्या नलिकांच्या भिंतीत होते. तेथे अशी वाहक प्रथिने आहेत की, जी ग्लुकोजला सोडियमबरोबरच आत नेतात. १९६० साली रॉबर्ट क्रेन यांनी प्राग येथे ही कल्पना मांडली. जलसंजीवनीचे सामर्थ्य हेच. १९७१ साली पश्चिम बंगालमधील बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी कॉलऱ्याच्या रुग्णांना मीठ आणि ग्लुकोज यांचे पाणी पाजले, तेव्हा मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आले. आजच्या जलसंजीवनीत सोडियम आणि ग्लुकोज दोन्ही दर लिटरला ७५ मिलीमोल असतात.

मूत्रपिंडात हीच भागीदारी मधुमेह्याला महागात पडते. रोज सुमारे १६० ते १८० ग्रॅम ग्लुकोज गाळले जाते आणि ते जवळजवळ सगळे सोडियमच्या साथीने परत घेतले जाते. रक्तात साखर जास्त, म्हणजे गाळलेले ग्लुकोज जास्त, म्हणजे त्याच्याबरोबर परत येणारे सोडियमही जास्त. नलिकेच्या पुढच्या भागात मीठ कमी पोहोचते, मूत्रपिंडाला टंचाईचा भास होतो आणि गाळणीवरचा दाब वाढवला जातो. वर्षानुवर्षे हे चालले की गाळणी झिजते.

सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून १८३५ साली वेगळा केलेला फ्लोरिझिन हा पदार्थ ही वाहक प्रथिने अडवतो. १८८६ साली फॉन मेरिंग यांनी त्याने मूत्रात साखर उतरते असे दाखवले. या मूळ कल्पनेवरून बनलेली औषधे २०१२ पासून मधुमेहावर वापरात आली. ती साखर आणि सोडियम दोन्ही मूत्रावाटे बाहेर जाऊ देतात. त्यामुळे साखर उतरतेच, शिवाय रक्तदाबही काही मिलिमीटरने उतरतो. २०१५ साली ७,०२० रुग्णांच्या चाचणीत यांपैकी एका औषधाने हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांनी होणारे मृत्यू ३८ टक्क्यांनी कमी केले. साखरेचे औषध हृदयाला उपयोगी का पडावे, याचे उत्तर काही अंशी तरी मिठाच्या हिशेबात आहे.

वर्गात काय सांगावे, काय करावे?

विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर आता देता येईल. मीठ एकदम आणि जवळजवळ पूर्ण तोडले, तर टंचाईची संप्रेरके वाढून इन्शुलिनचे काम तात्पुरते अवघड होते, हे खरे. आपण मात्र त्या टोकापासून फार दूर, दुसऱ्या टोकाजवळ आहोत. मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही असलेल्या घराने मीठ हळूहळू पाच ग्रॅमच्या दिशेने आणावे. त्यात लाभ आहे.

एक सोपा प्रकल्प आम्ही सुचवतो. घरात मिठाची नवी पिशवी फोडली की तारीख लिहून ठेवावी आणि ती संपल्यावर पुन्हा लिहावी. पाच जणांच्या घरात एक किलो मीठ २२ दिवसांत संपले, तर माणशी रोजचे सुमारे ९ ग्रॅम झाले. त्यात विकतचे लोणचे, पापड, पाव, वेफर्स यांतील मीठ आलेलेच नाही. वेष्टनावर सोडियमचा आकडा असतो. त्याला अडीचने गुणले की मीठ मिळते. १०० ग्रॅम शेवेत ८०० मिलिग्रॅम सोडियम असेल, तर मीठ झाले २ ग्रॅम. पापडखार आणि खाण्याचा सोडा यांतही सोडियम असते, हे विसरू नये. सैंधव 'हलके' असते हा समज बरोबर नाही. तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच आहे, आणि त्यात आयोडीन घातलेले असेलच असे नाही.

पोटॅशियमचे म्हणाल, तर पालेभाज्या, डाळी, केळी, शहाळे यांतून ते मिळते. चीनमध्ये ६०० खेड्यांतील सुमारे २१,००० लोकांवर झालेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, एक चतुर्थांश पोटॅशियम क्लोराइड मिसळलेल्या मिठाने पक्षाघाताचे प्रमाण १४ टक्क्यांनी घटले. पण ज्यांची मूत्रपिंडे दुबळी आहेत किंवा जे अँजिओटेन्सिन अथवा अल्डोस्टेरोन रोखणारी औषधे घेतात, त्यांच्या रक्तात पोटॅशियम धोकादायक पातळीपर्यंत साचू शकते. मधुमेह्यांत असे लोक पुष्कळ असतात. म्हणून असे मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय घरात आणू नये. आणि कोणतेही चालू औषध एखादा लेख वाचून, हा लेखही त्यात आला, बंद करू नये.

शेवटी, ज्या घरात साखरेची बरणी कपाटात वर गेली आहे, तेथे जेवताना मिठाचे भांडे ताटाशेजारी न ठेवण्याची सवय लावता येईल. हे काम शाळेत जाणारे मूलही करू शकते.